मोठ्या गटाला समाज शिकवायचा तर सुरुवात गल्लीपासून

'भारताची राजधानी कोणती?' असं विचारलं की बालवाडीच्या मोठ्या गटातली पंचवीसही मुलं एका सुरात 'दिल्ली' म्हणतात. लगेच पुढचा प्रश्न टाकावा, दिल्लीला जायचं कसं? कोणी 'रिक्षाने' म्हणेल, कोणी 'माझ्या आजीच्या गावाच्या पुढे आहे' म्हणेल. पहिलं उत्तर पाठ केलेलं असतं. दुसऱ्यात मूल स्वतः विचार करत असतं, ओळखीच्या जागेला अनोळखी जागा जोडून पाहत असतं. पाच वर्षांच्या मुलाला समाज शिकवायचा म्हणजे या जोडण्याला काम द्यायचं. त्यासाठी पायी फिरून येईल एवढीच जागा घ्यावी, हाताने मोजता येईल एवढाच काळ घ्यावा आणि समोर बसवून प्रश्न विचारता येतील अशी माणसं घ्यावीत. झेंडे, राज्यं, मंत्री यांची यादी वर्षभर घोकून घेण्यापेक्षा हे अवघड आहे, पण पुढे कामाला येणारं हेच आहे.

या वयाला 'समाजशास्त्र' नावाचा वेगळा विषय नसतो आणि नसावाही. पायाभूत स्तरासाठीच्या 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तक नकोच असं सांगितलं आहे. महाराष्ट्रात परिसर अभ्यासाचं पुस्तक तिसरीला हातात येतं, तेही आपापल्या जिल्ह्याचं. त्या पुस्तकातला नकाशा वाचता येण्याची तयारी बालवाडीत, जमिनीवर बसून होते. साहित्याची काळजी करू नये. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाडी चालवली ती बिया, शिंपले, पानं आणि दगड यांवर. खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना रद्दी, जुनी चादर, सुतळी आणि रिकामी खोकी पुरतात.

घर: प्रश्न बदला

जूनमध्ये सगळीकडे 'माझं कुटुंब' हा विषय घेतला जातो आणि आई, बाबा, ताई, दादा असा छापील तक्ता भिंतीवर लागतो. वर्गात एक तरी मूल असं असतं ज्याच्या घरी बाबा नाहीत, किंवा ते आजी-आजोबांकडे राहतं, किंवा आई वर्षातले सहा महिने ऊसतोडीला असते. तक्ता पाहून ते गप्प बसतं. म्हणून 'तुझ्या घरी कोण कोण आहे?' ऐवजी 'रात्री तुझ्याबरोबर जेवायला कोण कोण बसतं?' असं विचारा. प्रत्येकाला कागदी ताटली द्या आणि पंगतीतल्या माणसांची चित्रं तिच्या कडेने काढू द्या. कुत्रा आला, गाय आली, फोनमधले बाबा आले, तरी खोडू नका. मुलाने घरच्या बोलीतला शब्द वापरला (अहिराणी, वारली, कोरकू, पावरी, कोणतीही) तर तोच शब्द ताटलीवर लिहा आणि वर्गाला म्हणून दाखवायला सांगा.

नात्यांची नावं शिकवताना एक अडचण हमखास येते. 'तुला भाऊ आहे?' 'आहे, सोहम.' 'मग सोहमला भाऊ आहे का?' 'नाही.' या वयात नातं दुसऱ्या टोकाकडून पाहता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी शंभर वर्षांपूर्वीच हे नोंदवलं होतं. त्यामुळे 'आत्या म्हणजे बाबांची बहीण' ही व्याख्या पाठ करून घेण्यात अर्थ नाही. तीन बाहुल्या घ्या: आजी आणि तिची दोन मुलं, एक बाबा, एक आत्या. आजी दोघांना हाक मारते, दोघं भांडतात, राखी बांधतात. एक-दोन आठवडे रोज पाच मिनिटं हा खेळ झाला की 'अगं बाई, म्हणजे बाबा आत्याचा भाऊ!' हे कोणीतरी स्वतःच बोलून जातं. मावशी, मामा, काका, आत्या हे वेगवेगळे शब्द आपल्या भाषेत आहेत ही मोठी सोय आहे. सगळ्यांना 'अंकल-आंटी' केलं की ती हातची जाते.

गल्लीचा नकाशा

वर्षातलं सगळ्यात मोठं काम हे. पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्यावं आणि पाच-सहा आठवडे चालू द्यावं. घाई केली की फसतं, कारण नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा, आणि साडेतीन फूट उंचीच्या मुलाने आपली गल्ली वरून कधी पाहिलेलीच नसते.

म्हणून पहिल्या आठवड्यात गल्लीचं नावही काढू नका. वाटी, काड्यापेटी, चप्पल, पट्टी, कंगवा कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवू द्या. वस्तू उचलली की खाली राहतो तो तिचा 'ठसा'. ठसे एका बाजूला, वस्तू दुसऱ्या बाजूला ठेवून जोड्या लावायच्या. मग वाटी उपडी ठेवली तर ठसा बदलेल का? पेला उभा ठेवला तर कसा, आडवा ठेवला तर कसा? इथे मुलं खूप चुकतात आणि त्या चुकांतूनच 'वरून पाहणं' त्यांना कळतं.

दुसऱ्या आठवड्यात वर्गाचा नकाशा. चपलांच्या खोक्याचं झाकण म्हणजे वर्ग. त्यात फक्त चार गोष्टी: दार, फळा, कपाट, ताईंची खुर्ची. काड्यापेट्या आणि ठोकळे वापरा. झाकण खऱ्या वर्गाच्या मधोमध जमिनीवर ठेवा, त्यातलं दार खऱ्या दाराच्या बाजूला येईल असं. मग एका मुलाचे डोळे मिटून खऱ्या वर्गात एक बाहुली लपवा, झाकणात त्याच जागी चिंचोका ठेवा आणि त्याला बाहुली शोधू द्या. जमलं की झाकण फिरवून ठेवा आणि पुन्हा खेळा. बरीच मुलं आता चुकीच्या कोपऱ्यात जातील. 'अरे, दार कुठे गेलं?' एवढंच म्हणा. झाकण परत नीट फिरवायचं त्यांचं त्यांना सुचू द्या.

नकाशा या वयात भिंतीवर लावू नका, जमिनीवरच ठेवा. भिंतीवर टांगला की 'उत्तर वर, दक्षिण खाली' होतं आणि मुलं उत्तर दिशा छताकडे दाखवू लागतात. ही समजूत काही वेळा चौथी-पाचवीपर्यंत पुसली जात नाही. डावं-उजवंही अजून पक्कं नसतं. त्यामुळे 'मारुतीच्या देवळाकडे', 'सूर्य उगवतो त्या बाजूला', 'पिठाच्या गिरणीकडे' असंच बोला.

तिसऱ्या आठवड्यात फेरी. आधी एकटीने चालून या. अडीचशे ते तीनशे मीटरपेक्षा लांब नको, थांबे पाचच, आणि थांब्यावरच्या माणसांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. एका वेळी दहा मुलं, सोबत दोन मोठी माणसं, एक पुढे आणि एक मागे. बाकीची मुलं मदतनीस ताईंबरोबर वर्गात राहतील आणि पुढच्या दोन दिवसांत जातील. जाड सुतळीला फुटाफुटावर गाठी मारा. प्रत्येकाची एक गाठ, हात सोडायचा नाही. पादचारी मार्ग नसेल तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून चाला. सकाळी नऊच्या आत परत आलात तर उन्हाचा त्रास नाही आणि दुकानदारांनाही निवांतपणा असतो.

फेरीचा बोजवारा बहुतेक वेळा एकाच कारणाने उडतो. ताई सगळंच दाखवत सुटतात: हा बँकेचा फलक, हे झाड, हा दवाखाना, ही गटाराची झाकणं. परत आल्यावर मुलांना आठवतं ते फक्त कुत्र्याचं पिल्लू. निघण्यापूर्वी प्रत्येक फेरीला एकच प्रश्न द्या. पहिल्या फेरीला 'कोण काय दुरुस्त करतं?' दुसरीला 'पाणी कुठून येतं, कुठे जातं?' तिसरीला 'बसायला जागा कुठे कुठे आहे आणि तिथे कोण बसतं?' शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण मुलं पारावरचे आजोबा, नळाजवळच्या बायका, बसथांब्यावरचे कॉलेजवाले सांगू लागतात आणि गल्लीत कोणाची जागा कुठे असते ते त्यांच्या लक्षात येऊ लागतं.

परतल्यावर त्याच दिवशी मातीकाम किंवा चित्र, जे आठवतं ते. दुसऱ्या दिवशी जुनी एकेरी चादर जमिनीवर अंथरा, कोपऱ्यांवर विटा ठेवा. कोळशाने किंवा काळ्या कापडी चिकटपट्टीने दोन रेषा मारून एक वीत रुंद रस्ता करा. एवढंच तुमचं काम. बाकी मुलांचं: काड्यापेटीची घरं, टूथपेस्टच्या उभ्या खोक्याची इमारत, पावडरच्या डब्याची पाण्याची टाकी, आगपेटीच्या काड्यांचे विजेचे खांब (गूल आधी तोडून टाका). एका वेळी पाचच मुलं चादरीशी बसवा. पंचवीसही एकदम बसली की चादरीचं पायपुसणं होतं.

आता भांडण होणार आणि ते व्हायलाच हवं. 'गिरणी देवळाच्या आधी!' 'नाही, नंतर!' निकाल देऊ नका. त्या दोघांना मदतनीस ताईंबरोबर प्रत्यक्ष पाहून यायला पाठवा, दहा मिनिटं लागतील. स्वतः डोळ्यांनी पाहून आलेलं मूल खोकं उचलून जागेवर ठेवतं तेव्हा त्याला कळतं की पुराव्यासाठी जागेवर जावं लागतं. पुढच्या सगळ्या इतिहास-भूगोलाचं मूळ इथे आहे. म्हणून हे भांडण अर्ध्यावर मिटवून 'चला, खाऊची वेळ झाली' म्हणणाऱ्या ताईंना कळकळीने सांगावंसं वाटतं, आज खाऊ दहा मिनिटं उशिरा द्या.

मुलं स्वतःचं घर सगळ्यात मोठं करतात आणि शाळेपेक्षा उंच ठेवतात. राहू द्या. प्रमाणात काढणं हा या वयाचा विषय नाही, क्रम आणि शेजार हा आहे. पुढचे तीन आठवडे चादरीवर रोज एक प्रश्न खेळा. पाण्याचा टँकर कुठे उभा राहील? व्हीलचेअरवरच्या आजींना दवाखान्यात जायला कोणता रस्ता? दूधवाला कोणत्या क्रमाने घरं घेईल?

माणसं आणि त्यांची कामं

'आपले मदतनीस' म्हणून डॉक्टर, पोलीस, सैनिक यांच्या पोशाखांची स्पर्धा घेतली की मुलं टोपी आणि स्टेथोस्कोप शिकतात, काम शिकत नाहीत. त्याऐवजी महिन्यातून एका माणसाला त्याच्या हत्यारांसह पंधरा मिनिटांसाठी बोलवा. शिंपी मावशी, चप्पल दुरुस्त करणारे काका, नळ दुरुस्त करणारे दादा, कचरागाडीवरच्या ताई. आदल्या दिवशी मुलांबरोबर तीन प्रश्न ठरवून ठेवा. नाहीतर पाहुण्यांसमोर सगळी मुलं एकच प्रश्न विचारतात, 'तुमचं नाव काय?' चांगले निघणारे प्रश्न असे: डबा किती वाजता खाता? हे काम कोणाकडून शिकलात? कोणतं काम करताना हात दुखतो? पाहुण्यांना भाषण करायला लावू नका, काम करून दाखवायला सांगा. सुई, आरी, ब्लेड मुलांच्या हाती जाणार नाही एवढं पाहा.

कचरागाडीवरच्या ताई येणार असतील तर त्या दिवशी वर्गातला कचरा दोन डब्यांत वेगळा करायला घ्या: ओला हिरव्या डब्यात, सुका निळ्यात. केळीची साल निळ्यात पडली की त्यांना हाताने उचलावी लागते, हे त्यांनीच सांगितलेलं मुलं वर्षभर विसरत नाहीत.

एक गोष्ट निक्षून. कामाचं नाव सांगा, जातीचं नाही. गावगाड्याचे तक्ते आणि बलुतेदारांची यादी या वयात नको. कामं जन्माने ठरतात असा अर्थ मूल त्यातून काढतं आणि शेजारी बसलेल्या मित्राच्या आडनावाला तो लावून मोकळं होतं. इतिहास म्हणून हे शिकायला पुढे वेळ आहे. तसंच परिचारिका दादा आणि रिक्षावाल्या मावशी ओळखीत असतील तर त्यांना आवर्जून बोलवा.

दुकान-दुकान खेळताना दोन करवंट्या, एक काठी आणि सुतळी यांचा तराजू पुरतो. विकायला बटाटे, लिंबं, शेंगा अशा मोठ्या वस्तू ठेवा. वाटाणे आणि चिंचोके मुठीत राहत नाहीत, नाकाकानात जातात, म्हणून ते मोजून द्या आणि मोजून परत घ्या. सगळ्यांनाच दुकानदार व्हायचं असतं. दुकानं दोनच ठेवा आणि दर पाच मिनिटांनी घंटा वाजवून अदलाबदल करा. हल्ली मुलं खेळातही खोक्यावर चौकट काढून 'पैसे पाठवले' म्हणतात. त्यांना थांबवू नका, पण अशा देण्यात पैसा संपताना दिसत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला पाच बिल्ले द्या आणि 'पाठवले' म्हटलं की एक बिल्ला दुकानदाराच्या डब्यात टाकायला लावा. पाचवा बिल्ला गेला की खरेदी बंद.

काळ: काल, परवा आणि महाराज

पाच वर्षांचं मूल 'काल' म्हणतं तेव्हा ते गेल्या उन्हाळ्याबद्दलही असू शकतं. त्यात आपला 'परवा' दोन्हीकडे चालतो, होऊन गेलेला आणि येणारा. म्हणून हाताची खूण ठरवा: गेलेल्या दिवसासाठी खांद्यावरून मागे, येणाऱ्यासाठी पुढे. रोजच्या गप्पांच्या वेळी दोन वाक्यं पुरतात. दिवसाचा क्रम कळण्यासाठी सहा चित्रांची पट्टी फळ्याखाली दोरीवर लावा: प्रार्थना, गप्पा, खेळ, खाऊ, गोष्ट, घर. कपड्याचा चिमटा पुढे सरकवायची पाळी रोज एका मुलाची.

मोठा काळ सुतळीने मोजा. एक वर्ष म्हणजे मोठ्या माणसाची एक वीत, साधारण 23 सेंटीमीटर. मुलाची सुतळी पाच वीत. पहिल्या गाठीला झबल्याचा तुकडा किंवा फोटो, दुसऱ्या-तिसऱ्या गाठीला 'चालायला लागले', 'बालवाडीत आले' अशी चित्रं. आता साठ वर्षांच्या आजीची सुतळी मोजा. ती जवळजवळ 14 मीटर भरते आणि वर्गाच्या दारातून बाहेर व्हरांड्यात जाते. मुलं तिच्या कडेने चालत जातात, मध्येच 'इथे बाबा जन्मले' म्हणून गाठ मारतात. आजीलाच बोलावलं तर उत्तम. तिला जातं, कंदील, पाटी अशी एकच वस्तू आणायला सांगा आणि ती वापरून दाखवायला सांगा.

शिवजयंतीच्या सुमारास, 19 फेब्रुवारीला, 'ताई, तुमच्या लहानपणी महाराज होते का?' असा प्रश्न येतो. महाराजांचा जन्म 1630 चा. त्याच मापाने सुतळी जवळपास 90 मीटर होते. सुतळीचा गुंडा घेऊन मैदानात जा आणि उलगडत चाला. तारीख पाठ होणार नाही, पण 'खूप खूप आधी' किती लांब असतं ते पायांना कळेल.

दिवाळीचा किल्ला हा तर आयता धडा आहे. विटांवर चिखलात बुडवलेलं गोणपाट घाला, वर लाल माती, त्यावर अळीव पेरा, तीन-चार दिवसांत हिरवं होतं. मोठी माणसं किल्ला बांधतात आणि मुलं बाजूला उभी राहतात, तेवढं टाळा. मावळे मांडण्याआधी विचारा: वरच्या माणसांना पाणी कुठून मिळेल? धान्य कोण वर नेईल? दार एकच का? मुलं टाकं खणतात, पायथ्याला गाव वसवतात, बाजार मांडतात. लढाई आपोआप मागे पडते.

पोस्टकार्ड

जानेवारीत प्रत्येक मुलाकडून स्वतःच्या घरी एक पोस्टकार्ड पाठवा. 50 पैशांना मिळतं, पंचवीस मुलांचे साडेबारा रुपये होतात. सोबत तीन कार्डं जास्त घ्या. चित्र मुलाने काढायचं, पत्ता ताईंनी मुलासमोर लिहायचा, पिनकोडचे सहा आकडे मुलाने चौकटीत गिरवायचे. हा पिनकोड देशात 15 ऑगस्ट 1972 ला आला आणि तो बसवण्याचं काम श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या मराठी माणसाने केलं, हे पालकसभेत जरूर सांगा. पेटीत कार्ड मुलाने स्वतःच्या हाताने टाकायला हवं. मग रोज दिनदर्शिकेवर एक टिंब. कार्ड आलं की ते वर्गात आणायचं, टपाल शिक्क्यावरची तारीख शोधायची आणि टिंबं मोजायची.

इथे दोन गोष्टी बिघडतात. काही मुलांना टपालाचा पक्का पत्ता नसतो. त्यांची कार्डं शाळेच्या पत्त्यावर पाठवा, पण मग इतर चार-पाच कार्डंही शाळेच्याच पत्त्यावर पाठवा, म्हणजे ती मुलं वेगळी पडणार नाहीत. दुसरं, एखादं कार्ड पोचतच नाही. दहाव्या टिंबाला जास्तीचं कार्ड काढून पुन्हा टाका.

वर्गात मतदान एकदाच घ्या आणि कोणती गोष्ट ऐकायची यावर घ्या, माणसावर कधीही नाही. दोन गोष्टींची चित्रं दोन डब्यांवर, प्रत्येकाला एक खडा, मध्ये पडदा, बाहेर येताना डाव्या तर्जनीला स्केचपेनचं टिंब. खडे सगळ्यांसमोर ओळीत मांडून मोजा. हरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायची हे आधीच जाहीर करा, म्हणजे रडारड होत नाही.

परीक्षा नको. एक वही ठेवा, मुलागणिक दोन पानं. मूल बोललेलं वाक्य तारखेसह जसंच्या तसं लिहा. ऑगस्टमध्ये 'दुकान तिकडे आहे' म्हणणारं मूल जानेवारीत 'दुकान गिरणीच्या पुढे, देवळाच्या अलीकडे' म्हणत असेल तर नकाशा जमला. नसेल तर त्याला चादरीशी आणखी चार वेळा बसवा.

एप्रिलमध्ये खोकी मुलांना घरी नेऊ द्या आणि चादर धुवून टाका. ती जपून ठेवून जूनमध्ये नव्या गटाला तयार नकाशा म्हणून देण्याचा मोह होतो, पण त्या गटाला गिरणी देवळाच्या आधी आहे की नंतर यावर अजून भांडायचं आहे.